माझा चौदावा नियम

५ मार्च
जुन्या गाड्यांच्या क्लबने यंदाचे नियम लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. सोपवलं म्हणजे मी हात वर केला आणि खाली घेतला नाही. आमचा क्लब हौशी लोकांचा. १९६५पर्यंतच्या गाड्या, पाव मैल सरळ धावपट्टी, एका वेळी दोघं, आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. यात पैशाचा संबंध काय? तरी गेल्या वर्षीच्या विजेत्याने इंजिनात आठ हजार डॉलर ओतले होते. तेहतीस वर्षं बीजगणित शिकवलंय मी. हूडपणा कसा मोडायचा ते मला कळतं.

९ मार्च
तेरा नियम झाले. हेल्मेट, पट्टे, ज्याचं तेल सांडेल त्यानेच पुसायचं, वगैरे. चौदावा मात्र अप्रतिम उतरलाय: हंगामाची अंतिम शर्यत जो जिंकेल त्याचं इंजिन क्लबचा कोणीही सभासद तासाभरात रोख पंधराशे डॉलर देऊन घेऊन जाऊ शकतो. नकार दिल्यास वर्षभर बंदी. आता कोण वेडा इंजिनात आठ हजार घालेल?
वेंडेलला वाचून दाखवला. टोस्ट चावत म्हणाला, आणि तू जिंकलीस तर? बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही योग्य प्रश्न विचारलेला नाही.

१२ मार्च
नियम मंजूर. डेल्बर्ट हूकस्ट्राने तेवढी शंका काढली: बाई, कोणीही म्हणजे अगदी कोणीही ना? अडुसष्ट साली मी याला बीजगणितात नापास केलं होतं. म्हटलं, डेल्बर्ट, वाचता येतं ना? सगळे हसले. तोही हसला.

२७ एप्रिल, शनिवार
पहिली शर्यत. माझी बासष्ट सालची नोव्हा गाडी पहिल्याच फेरीत बाहेर. बाजूने वारा होता. समोरच्यालाही होता म्हणे, पण त्याच्या बाजूने कमी असावा.
डेल्बर्टची गाडी आलीच नाही. ती ओढून आणणारा त्याचा ट्रक बंद पडलाय. कुंपणापाशी उभा राहून मक्याचं कणीस खात होता.

३० एप्रिल
नवा कार्ब्युरेटर. हा खर्च नव्हे, दुरुस्ती.

२५ मे, शनिवार
दुसऱ्या फेरीपर्यंत! हरले ते डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. वेंडेल म्हणाला, ऊन पाठीवर होतं. आरशातून येत होतं, मी म्हटलं.

२८ मे
पिस्टन. वेंडेलच्या वाढदिवसाची भेट. त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, पण आयत्या वेळची धावपळ मला आवडत नाही.

४ जून
कॅलिफोर्नियाहून कॅमशाफ्ट आला, इंजिनातला पोलादी दांडा. काय वस्तू आहे! टेबलावर ठेवून जेवलो. स्वयंपाकघराचं छत गळतंय, त्याखाली बादली ठेवलीय. बादली उत्तम काम करते. छतासाठी ठेवलेले पैसे नुसतेच पडून होते.

२२ जून, शनिवार
उपांत्य फेरी!! वय सहासष्ट, आणि दिवा हिरवा झाला की पुढची चाकं चक्क उचलली जातात! किंचाळले. हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू गेलं नसावं. वेंडेल म्हणतो, पार्किंगपर्यंत आलं.
कुंपणापाशी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता डेल्बर्ट. नंतर बायकोने केलेली रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री घेऊन आला. बारकाईने विचारत होता: इंजिन तापत नाही ना, बाई? चढावर दम लागत नाही ना? पोराला उशिरा का होईना, अभ्यासाची गोडी लागली.

२० जुलै, शनिवार
उपविजेती! आनंदात घरी आले तर वेंडेलला बिस्किटांच्या डब्यात पावत्या सापडलेल्या. बेरीज किती होते, विचारलं त्याने. मी केलेली नाही. बेरीज मुलांना शिकवायची असते. म्हणाला, चौदावा नियम तूच लिहिलास ना? म्हटलं, नीट वाच. खर्च करू नये असं त्यात कुठे आहे? कोणी मागितलं तर द्यावं, एवढंच. आणि माझ्याकडे मागणार कोण? अर्धा क्लब मला अजून बाई म्हणतो.
वेंडेलने बादली ओतून पुन्हा जागेवर ठेवली.

१७ ऑगस्ट
डेल्बर्टने स्वतः येऊन माझं इंजिन फडक्याने पुसून दिलं. एवढी भक्ती पाहून संकोच वाटतो.

३१ ऑगस्ट, शनिवार
जिंकले. जिंकले! हंगामाची अंतिम शर्यत, अर्ध्या गाडीच्या अंतराने! करंडक माझ्या गुडघ्याएवढा आहे.
दहाव्या मिनिटाला डेल्बर्ट पाकीट घेऊन आला. बक्षीस वाटलं. शंभराच्या पंधरा नोटा. म्हणाला, बाई, नियम चौदा.
मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, माझ्या प्रत्येक पेपरवर तुम्ही लाल शाईने लिहायचात, प्रश्न शेवटपर्यंत वाच. या वेळी वाचला.
सगळा क्लब उभा होता. कणीस खाणारेही थांबले. नियमप्रमुख म्हणून सही मीच करायची होती. केली. तासाभरात इंजिन साखळीने वर काढून नेलं. वेंडेलने बोल्ट सोडवायला मदत केली, आणि फार चटपटीतपणे.

१ सप्टेंबर
शांत विचार केला. हा सन्मान आहे. चांगली वस्तू ओळखायला नजर लागते, आणि ती त्याला दिली कोणी? शिवाय योजना तयार आहे. या इंजिनावर पुढच्या वर्षी डेल्बर्ट जिंकणार. मग नियम चौदा, पंधराशे रोख, इंजिन परत! त्याच नोटा पाकिटात जपून ठेवल्या. छताला हात लावायचा नाही.

७ सप्टेंबर, शनिवार
इंजिनाविना नोव्हा धावपट्टीवरच अडकली होती. डेल्बर्ट म्हणाला, मी ओढून देतो, बाई. अर्ध्या मैलावरून इंजिनाचा आवाज आला आणि मी ओळखला. विद्यार्थ्याचं अक्षर ओळखावं तसा.
ट्रकमध्ये बसवलंय.
म्हटलं, आणि शर्यत? म्हणाला, शर्यत कुठली, बाई? माझी गाडी विकली मी. एप्रिलपासून ट्रकला इंजिन शोधत होतो. पंधराशेत असं कुठे मिळतं? जीव मुठीत धरून बसलो होतो, तुम्ही जिंकताय की नाही म्हणून! कॅमशाफ्ट तेवढा बदलला. कॅलिफोर्नियाचा उगाच उड्या मारायचा. आता कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू दिलाय त्याचा.
आम्ही तिघं पुढे बसलो, मी मध्ये. मागे दोरावर नोव्हा. नदीजवळचा मोठा चढ लागला, तेव्हा वेंडेलने खिडकीबाहेर बघत विचारलं, कसं वाटतंय?
मी खरं तेच सांगितलं. ओढतं छान.