पॅनेलमागची चार बोटं जागा

३ मार्च
कामावर गेले. ताईला जाऊन नऊ दिवस झाले, घर खायला उठतं. लॅबच्या रजिस्टरात मागच्या वर्षीचं पान काढलं – इमारतीला बाहेरून लावायचं लॅमिनेट पॅनेल, आगीच्या चाचणीत पास. खाली सही माझी. ताईच्या इमारतीला हेच! आग लागली तिसऱ्या मजल्यावर आणि बाहेरच्या बाहेर वर चढत गेली. ताई आठव्यावर.

४ मार्च
साहेब म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहे, मनाला लावून घेऊ नकोस." बरोबर आहे – हेच तर दुखणं! कंपनीच्या नकाशात पॅनेल भिंतीला चिकटून होतं, आम्ही तसंच जाळून पाहिलं. इमारतीवर मात्र ओल धरू नये म्हणून मागे चार बोटं जागा सोडतात. आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. पण लॅबचा शिरस्ता – समोर येईल ते तपासायचं, नसती चौकशी करायची नाही.

६ मार्च
उरलेलं पॅनेल काढलं. मागे चार बोटं सोडून उभं केलं. बर्नरवाले काका कुरकुरले, "बाई, परवानगी?" म्हटलं, पेटवा.
दोन मिनिटं काहीच नाही. मग मागून धूर, आणि एकदम वरच्या कडेतून जाळ! ती जागा धुराड्यासारखी आग वर ओढत होती. गॅस बंद केला तरी विझेना. काका म्हणाले, "हे तेव्हाच का नाही केलं?"
स्टोअरमध्ये जाऊन रडले.

७ मार्च
जळलेल्या पॅनेलचे फोटो काढले, मिनिटामिनिटाची नोंद लिहून ठेवली.

९ मार्च
भाऊजी आले. बायको गेली त्यांची, आणि विचारतात काय – "धाकटे, चौकशीत तुझ्यावर काही येणार नाही ना?" सगळं सांगायचं ठरवलं होतं. जीभच रेटेना. चहा केला, त्यातही साखर विसरले. भित्री मेली! ताई असती तर म्हणाली असती, "अभ्यासात पहिली, हिमतीत नापास."

११ मार्च
नवी चाचणी चौकशीवाल्यांकडे दिली. साहेब भडकले – "आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!" नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. हेच पॅनेल लावलेल्या आणखी इमारती आहेत, आणि त्यांत माणसं राहतात.

१२ मार्च
भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "त्या दिवशी मी म्हटलं होतं, चल लगेच. ती म्हणाली, तुम्ही आईंना घेऊन उतरा, मी कागदपत्रं आवरून येते. आमच्या धाकटीनं तपासलंय ते पॅनेल, पेटायचं नाही."
हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.