सपरीतलं जेवण

माय, तुला अक्षर येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तेव्हा हे कुणासाठी लिहितो आहे ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी शाळेच्या मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, कारण बारीक अक्षर माझ्या डोळ्यांना आता दाद देत नाही. ज्या जपानात मी रेशमाचं काम शिकायला गेलो होतो, त्याच्याशी आता सरकारची लढाई चालली आहे आणि तिथल्या गावांवर विमानांतून आग टाकत आहेत म्हणे. ऐकून मला काही तरी वाटायला हवं होतं. मी चहा प्यालो, बांधीवर जाऊन धानात पाणी किती आहे ते पाहून आलो, आणि मग हा कागद घेऊन बसलो.

मी जायचं ठरलं तेव्हा तू अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होतीस. भंडाऱ्याच्या वकीलसाहेबांनी वर्गणी जमवली होती. आपल्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, होतो, तर एखाद्या पोरानं जपानात जाऊन रेशीम काढायची नवी रीत शिकून यावं, असं त्यांच्या मनात होतं. चार बुकं शिकलेला पोरगा म्हणून मी सापडलो. तू सूप खाली न ठेवता विचारलंस, "काऊन जाऊन राहिलास बाबू? इथं का काम कमी आहे?" बा म्हणाले, "जाऊ दे त्याले. येईन तं कारखाना काढन." तू पुन्हा पाखडायला लागलीस आणि थोड्या वेळानं एवढंच विचारलंस, "तिकडे भात भेटते का?" मी म्हटलं, भातच खातात. "मंग जाय," म्हणालीस. समुद्र ओलांडला की जातीबाहेर होतात, हे तुला, बांना, मला, सगळ्यांनाच माहीत होतं. त्यावर कुणी बोललं नाही. आल्यावर पाहू, असं प्रत्येकानं आपापल्या मनात धरलं असावं.

तिथे पहिले कित्येक महिने मी मुका होतो. वर्गात शिकवणारे बोलायचे, फळ्यावर लिहायचे, मी नुसत्या आकृत्या उतरवून घ्यायचो. इतर पोरं हसली की मीही हसायचो. दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. जीभ फक्त जेवायला उरली होती. तुला वाटत असेल मी रडत असेन. मी रडत नव्हतो. थंडीत बोटं बधिर होतात आणि मग ती आपली वाटेनाशी होतात, तसा सगळाच झालो होतो.

एका म्हातारीच्या घरी माझी राहण्याजेवण्याची सोय होती. तिचा एकुलता एक पोरगा रशियाशी झालेल्या लढाईत मेला होता. कोनाड्यात त्याची तसबीर असे. पहिल्याच संध्याकाळी तिनं वाडगाभर भात पुढे ठेवला. तिथे दोन काड्यांनी जेवतात. मी त्या काड्या भातात उभ्या रोवल्या आणि आपल्या रीतीप्रमाणे अन्नाला हात जोडले. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. तिनं वाडगा माझ्यापुढून ओढून घेतला, काहीतरी बोलली आणि आत निघून गेली.

आता आपल्याकडचा माणूस यातून काय समजणार? मी समजलो की विटाळ झाला. तिचं भांडं मी बाटवलं, म्हणून बाईनं सांगितलं की तू घरात जेवू नको. मला वाईटसुद्धा वाटलं नाही, इतकं ते ओळखीचं होतं. तू नव्हतीस का धानाच्या रोवण्याला आलेल्या माणसांना सपरीत, दाराबाहेरच्या ओसरीवर, वाढत? ते जेवून आपलं भांडं आपण घासायचे आणि बाहेरच पालथं घालायचे. दुसऱ्या दिवसापासून मी माझा वाडगा उचलून दारापुढच्या पायरीवर जाऊन बसायला लागलो. जेवून वाडगा धुवायचा, तिथेच पालथा घालायचा. म्हातारी आतून हाका मारायची. मी मान हलवून हसायचो, म्हणजे तिला कळावं की मी राग धरलेला नाही.

मग बर्फ पडायला लागलं. मी पायरीवरच होतो, चादर गुंडाळून. एक दिवस म्हातारी आपला वाडगा घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारी बर्फातच बसली आणि जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी ती खोकत होती, म्हणून मीच उठून आत गेलो. पुढे कानपूरचा एक विद्यार्थी भेटला, त्यानं खरं काय ते सांगितलं. "अरे भाई, तीलियाँ गाड़कर तो मुर्दे के आगे चावल रखते हैं." मी तिच्या पोराच्या जागी बसून मेलेल्या माणसाचं पान मांडलं होतं, आणि वर हात जोडले होते.

परत आलो तेव्हा तू वेशीपर्यंत आली होतीस, पण हातभर लांब उभी राहिलीस. बा म्हणाले, "धान कापून झाले का पंच बसतीन तुले जातीत घ्याले. तवापर्यंत सपरीत जेव." माझ्या धाकट्या बहिणीचं, लहानीचं, लग्न देवरीला जुळत आलं होतं, आणि सपरी रस्त्यावरून दिसते; विटाळ पाळला नाही असं कुणी पाहिलं असतं तर सोयरीक मोडली असती. तू उंबरठ्याच्या आत उभी राहून वरून भात टाकायचीस, पळी ताटाला लागू न देता. मी जेवून ताट घासायचो आणि पालथं घालायचो. मला ते जमत होतं. एकदा मी तुला म्हातारीची हकीकत सांगितली, ती बर्फात येऊन बसली तेसुद्धा. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तिच्या घरी लगनाची पोरगी नसन, बाबू." खरंच नव्हती. मी तुला तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

धान कापणीला आलं आणि तू तापानं गेलीस. तिरडीपाशी पंच जमले. त्यांतला म्हातारा म्हणाला, "आग द्याले पोरगा लागते. शिंपडा गोमूत्र, झाला तो आपला." एवढ्यात झालं. बा ज्याच्यासाठी कापणीपर्यंत थांबायला सांगत होते, ते उभ्या उभ्या उरकलं. नदीवरून आल्यावर मला कुणी सपरीत थांबवलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. चूल थंड होती. मी थोडा वेळ बसलो आणि उठून बाहेर आलो.

लहानी देवरीला सुखात आहे. कारखाना निघाला नाही, वकीलसाहेब गेले आणि ते राहून गेलं. माझी सून आत पाट मांडते, मी ताट घेऊन सपरीत येतो. वारा लागतो म्हणून, असं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. ते खरं नाही, माय. तू बाहेर येऊन बसशील असं मला वाटत राहतं. जेवण संपेपर्यंत मी दाराकडे तोंड करून बसतो.