बाबांच्या पाठीचं नाणं

सायगॉन

प्रिय आई, तुझ्या दियेपचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. जुन्या नाण्यांच्या दुकानात आता कुठलं नाणं कुठल्या राजाचं, ते ओळखायला शिकतेय. तू दिलेलं चौकोनी भोकाचं नाणं मालक खिएमकाकांना दाखवलं. भिंगातून बघून ते खेकसले, "राजाचं नावच घासून टाकलंय! कुणी केला हा गाढवपणा?"

मी म्हटलं, "आईने. बाबांना ताप आला की तेल लावून ती यानेच त्यांची पाठ घासायची. शेवटच्या वर्षी तर रोजच."

काकांनी नाणं दोन्ही हातांनी परत दिलं.

तुझे गुडघे कसे आहेत? मला जरासा ताप आहे, काळजी करू नकोस. तेल आणलंय, नाणं आहेच. फक्त पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही.

तुझीच,
दियेप