वळणावरचा तुमचा बोर्ड

प्रिय तात्या,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. परवा मी तुमचा बोर्ड उतरवला. हो, तुमचाच! गावाबाहेरच्या वळणावर, आपल्याच बांधावर तुम्ही महिनाभर हात जोडून उभे होतात, ते माझ्या देखत खाली आलात. आज सकाळपासून इतकं हलकं वाटतंय, की म्हटलं, बसून सगळं लिहूनच काढावं.

तुमच्या दहाव्याला सागर आला होता. काकांचा सागर, तुमचा लाडका पुतण्या. रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "ताई, तात्यांचा बोर्ड लावतो. लय मोठा. पेठ रोडनं जाणाऱ्या सगळ्यांनी बघितला पाहिजे." आणि मी हो म्हटलं. ज्या माणसानं या रस्त्याला एक जाहिरात लागू दिली नाही, त्याच्या लेकीनं हो म्हटलं! रडताना माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय?

बोर्ड तरी कसला! सागरनं अंबडच्या वर्कशॉपमधून लोखंडी सांगाडा करून आणला, काँक्रीट ओतून रोवला. त्यावर माझ्या लग्नातला तुमचा फेटेवाला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली गॉगल लावलेल्या सतरा पोरांची रांग. तुम्ही बघितला असता तर आधी पोट धरून हसला असतात, मग सागरच्या पाठीत धपाटा घातला असतात. त्या सगळ्याच्या मागे रामशेज किल्ला पार झाकून गेला.

तेरावा झाला, पाहुणे गेले, बोर्ड तिथंच. गेलेल्या माणसाचा फोटो उतरवणार कोण? मी स्कूटीवरून जाताना मान फिरवायचे.

सातपूरच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून येताना तुम्ही याच वळणावर गाडी बंद करून बसायचात. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, इथं काय आहे? तुम्ही म्हणालात, "दिवसभर मशीनवर वीतभर अंतरावर बघून डोळे आंबतात गं. जरा लांबचं बघू दे त्यांना."

जाहिरातवाले बांधावर जागा मागायला आले की त्यांना चहा पाजून वाटेला लावायचात. ग्रामसभेत ठरावही करून घेतलात, की गावापासून घाटापर्यंत रस्त्याकडेला एकही बोर्ड नको. पण का नको, हे कुणाला नीट समजावून सांगितलंत का हो? लोक तुमच्या शब्दाखातर गप्प होते. तुम्ही गेलात, आणि निस्तरायचं राहिलं माझ्याकडे!

एक प्लॉटवाला एजंट आला. "ताई, सांगाडा आहेच तयार. तात्यांचा फोटो कोपऱ्यात ठेवू, बाकीची जागा आम्हाला द्या." त्याला मी हाकललं. तो थेट शेजारच्या शेतातल्या किसनकाकांकडे गेला. संध्याकाळी काका ओट्यावर येऊन बसले. "पोरी, राग नको मानू. पण तात्याचा चालतो, तर माझ्या बांधावर दुसऱ्याचा का नाय?"

ठराव रद्द करा म्हणून त्यांनी ग्रामसभेत अर्ज दिला, त्यावर आणखी चौघांच्या सह्या. तुमचा ठराव तुमच्याच फोटोमुळे मोडणार होता.

शेवटी धीर करून आईपुढे विषय काढला. वाटलं, आता ही रडणार. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "त्यांना लांबचं बघायची लय हौस. आन् आता तेच सगळ्यांच्या आड उभे हायेत. मला तर तिथनं जाताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. काढून टाक बाई."

मग आधी का नाही बोललीस गं! ती माझ्यासाठी गप्प, मी तिच्यासाठी गप्प. तुमच्या घरातली माणसं, दुसरं काय होणार?

आईनं आधी तिथं नारळ फोडला. सागर तोंड फुगवून उभा होता. "लोकं काय म्हणतील, ताई?" मी म्हटलं, "म्हणू देत." मग त्यानंच कटर लावून सांगाडा कापला. आपल्याकडे जुना फ्लेक्स झाकण म्हणून कांद्याच्या ढिगावर जातो, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला कांद्यावर टाकायची कुणाची छाती झाली नाही. सागरनं फ्लेक्स नीट गुंडाळून आपल्या माळ्यावर ठेवलाय.

काल ग्रामसभा झाली. किसनकाका उठले. काका म्हणाले, "पोरीनं बापाचा बोर्ड काढला. आता मी कुठल्या तोंडानं दुसऱ्याचा लावू? माझा अर्ज मागं घ्या." बाकीच्या चौघांनीही माना हलवल्या. ठराव कायम राहिला! सुटले बाई, असं अगदी मोठ्यानं तोंडातून निघालं आणि सगळी सभा हसली. मग मला जे रडू आलं, ते तुमच्या तेराव्यालाही आलं नव्हतं.

आज सकाळी वळणावर गाडी बंद केली. रामशेज जागच्या जागी होता. बराच वेळ बसले. तात्या, तुमची फार आठवण येते.

आता शब्द देते. या वळणावर यापुढे कुणाचा फोटो लागणार नाही. पुढाऱ्याचा नाही, वाढदिवसाचा नाही आणि माझाही नाही. सागरला आत्ताच बजावून ठेवलंय, "मी गेले की पाहिजे तेवढा रड. पण बोर्ड लावलास, तर भूत होऊन तुझ्या मानगुटीवर बसेन!"

तुमचीच,
नंदा