क्लेटनच्या शेजारची जागा

मी, लवॉन डेलव्हो, कै. अर्बन डेलव्हो यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे आणि आता न विचारता सल्ले देणे, राहणार अल्गोमा, विस्कॉन्सिन, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून मी हे लिहीत नाही, आणि कोणाला भिऊन तर मुळीच नाही. डॉक्टरांनी माझं हृदय तपासल्यावर जो चेहरा केला, तो मी ओळखते. तिसऱ्या प्रयत्नावर आमच्या फुटबॉल संघाची चढाई अडली की कोचही तसाच चेहरा करतात.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यातलं एक मी आमचा संघ हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी केलं होतं आणि त्यात कोणालाच काही ठेवलं नव्हतं.

वकील ओटो पेल्नार यांनी मला बजावलंय की मृत्युपत्रात मिळकत लिहावी, मतं लिहू नयेत. ओटो, माझ्याकडे मिळकत थोडी आणि मतं भरपूर. दोन्हींची व्यवस्था लावूनच मी जाणार. तू मुकाट्याने टाइप कर.

कलम १. तळ्याच्या बाजूचं राहतं घर, जमिनीसकट, माझा एकुलता एक मुलगा डेल याला. डेल ॲरिझोनात लोकांचे दात सरळ करतो. तो घर विकणार हे मला ठाऊक आहे, आणि माझी हरकत नाही. मात्र डेल, घेणाऱ्याला तळघरात पाणी येतं हे आधी सांग. तुझ्या वडिलांनी घर घेताना ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या माणसाच्या नावाने मी आजही बोटं मोडते.

कलम २. बँकेतली शिल्लक डेल आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी नात शेली, यांच्यात निम्मी निम्मी. शेली इथेच राहते आणि चीजच्या कारखान्यात माल चाखून पास-नापास करते. दिवसभर लोकांना तोंडावर 'नाही' म्हणायचा तिला पगार मिळतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

कलम ३. अर्बनची माशांना धुरी द्यायची पेटी आणि बर्फाला भोक पाडायचं यंत्र चर्चच्या जत्रेत लिलावाला द्यावं. बूया, म्हणजे आमच्याकडचा जत्रेतला दाट रस्सा, शिजवायची मोठी कढई आणि तिचं लाकडी वल्हं चर्चलाच, पण एका अटीवर. बर्निस लाप्लांट हिला कढईच्या जवळ फिरकू देऊ नये. ती बूयात तांदूळ घालते. कोंबडी, बैलाचं शेपूट, कोबी, बटाटे पहाटेपासून ढवळून आपण हाताचे तुकडे पाडून घ्यायचे, आणि हिने वरून तांदूळ टाकून त्याची पेज करायची! शेजारच्या लिरॉयला माझा पेट्रोलचा रिकामा डबा. माझं बर्फ उडवायचं यंत्र तो दरवर्षी भरलेलं नेतो आणि कोरडं परत करतो, त्यामुळे डबा त्याला ओळखीचा वाटेल.

कलम ४. आता खरी गोष्ट. इथून पुढे सर्वांनी नीट ऐकावं.

आमच्या संघाच्या मैदानात माझ्या नावावर हंगामाची एक जागा आहे. संघाचं नाव लिहीत नाही. या गावात संघ म्हणजे कोणता हे विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही जागा पैसे टाकून मिळत नाही. मूल जन्मलं की लोक बाप्तिस्म्याआधी त्याचं नाव प्रतीक्षायादीत घालतात आणि ते मूल टक्कल पडेपर्यंत वाट बघतं. एरवी जागा मिळते ती नात्यातल्या नात्यात, मृत्युपत्रातून. माझ्या वडिलांनी शेजारशेजारच्या दोन जागा आम्हा दोघी बहिणींना दिल्या. माझी बहीण मार्सेला गेली तेव्हा तिची जागा तिच्या नवऱ्याकडे आली. तो माझा मेहुणा, क्लेटन. तेव्हापासून बर्फ असो, वारा असो, त्या गार पडलेल्या ॲल्युमिनियमच्या बाकावर, बुटांखाली पुठ्ठा घालून, आम्ही दोघं शेजारी बसतो आणि भांडतो.

भांडण एकच आहे. चेंडू हातात घेऊन किंवा पुढे फेकून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा, एवढं साधं काम आमच्या चढाईला जमत नाही. ते का जमत नाही? मी म्हणते, डाव चुकीचा पुकारला. क्लेटन म्हणतो, डाव बरोबर होता, पोरांना वठवता आला नाही. माझं म्हणणं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोचच्या डोक्यात नाही ते पोरांच्या पायात कसं उतरेल? त्याचं म्हणणं, कोच काय मैदानात उतरून चेंडू झेलणार आहे?

आमच्या या वादाचा कळस झाला तो बाद फेरीच्या एका सामन्यात. चौथा प्रयत्न, गोलरेषा एक यार्डावर, आणि आमच्याकडे बैलासारखा धावणारा गडी. समोरचे सगळे त्याच्यावर तुटून पडायला तयार, म्हणून कोचनी त्याला नुसता हूल द्यायला पुढे दामटला आणि चेंडू मात्र कोपऱ्यातल्या दुसऱ्याकडे फेकायला लावला. तो झेलणाऱ्याच्या हातातून निसटला. आम्ही हरलो.

"एक यार्ड!" मी ओरडले. "एक यार्ड बाकी आणि हा शहाणा चेंडू हवेत उडवतो!"

"तो पोरगा मोकळा होता, लवॉन. एकटा उभा होता. हातात आलेला चेंडू सोडला त्याने."

"या थंडीत माझ्या हातात कॉफीचा कप राहत नाही!"

"तुला कोणी झेलायला पगार देत नाही."

मधल्या काळात दोन कोच गेले आणि तिसरा आला, पण आम्ही त्या यार्डावरून अजून पुढे सरकलेलो नाही.

आता जे लिहिते ते क्लेटनच्या परवानगीने लिहिते. सात हंगामांपूर्वी एकदा आमच्या पोरांनी चेंडू लाथेने उंच मारून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. क्लेटन खेकसला, "किती वेळ हातात धरून ठेवतोय! फेक की!" चेंडू तेव्हा दुसऱ्या टोकाला जाऊन पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो मैदानाकडे बघत नव्हता, थोडं बाजूला बघत होता. नंतर चौकशी केल्यावर मला कळलं की अशा माणसांच्या नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचं तेवढं दिसतं. क्लेटनला प्रेक्षक दिसत होते, दिव्यांचे खांब दिसत होते, आभाळ दिसत होतं. चेंडू तेवढा दिसत नव्हता.

मी हे कोणाला सांगितलं नाही. त्याची मुलगी जोन हिला कळलं असतं तर मैदान त्याच दिवशी बंद झालं असतं. जोन पोरगी गुणी आहे, पण तिची काळजी माणसाला गोधडीत गुंडाळून ठेवणारी आहे. मार्सेला गेल्यापासून क्लेटन आठवडाभर कोणाशी दोन शब्द बोलत नाही. तो बोलतो तो रविवारी, त्या बाकावर, माझ्याशी भांडताना. ते गेलं असतं तर तोही गेला असता. म्हणून मी भांडणातच त्याला सगळा सामना सांगायला लागले.

"तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवेत, आणि हा गाढव गड्याला सरळ मधून तिघांच्या अंगावर पळवतो! दोन यार्ड मिळाले, दोन!"

"डाव बरोबर होता," क्लेटन म्हणायचा. "मधल्याने वाट काढून दिली नसणार."

"दिली नाहीच! बसला गुडघ्यावर. पण डावीकडे मैदान मोकळं होतं, तिकडे का नाही गेला?"

मागच्या रांगेतल्यांना वाटलं, म्हातारीला वयाने जास्तच चेव चढलाय. रेडिओ कानाला का नाही लावला, असं कोणी विचारेल. लावला असता तर जोनने कारण विचारलं असतं. शिवाय रेडिओशी भांडता येत नाही.

म्हणजे माझ्या पश्चात या जागेवर नुसतं कोणीतरी बसून चालणार नाही. तिथे भांडणारं माणूस हवं, नाहीतर क्लेटनचा रविवार संपला. मी एकेकाला पारखलं. डेल इथे आला असताना मी त्याला माझ्या जागी पाठवलं. परत आल्यावर विचारलं, "काय रे, कसा झाला सामना?"

"छान झाला, मॉम. अंकल क्ले काहीतरी बोलत होते. मी म्हटलं, शेवटी खेळच आहे."

शेवटी खेळच आहे! या कुळात जन्मून हे वाक्य तोंडातून निघतं कसं? डेल, तुला घर दिलंय, जागा मागू नकोस.

जोनला देता आली असती, ती माझ्या बहिणीची मुलगी. पण ती वडिलांच्या प्रत्येक वाक्याला "हो डॅड, खरंय डॅड" म्हणते. कोणी होकार दिला की क्लेटन गप्प होतो.

राहिली शेली. गेल्या रविवारी संघ दूरच्या शहरात खेळत होता, म्हणून मी क्लेटन आणि शेली दोघांना घरी बोलावलं. टीव्ही लावला आणि समालोचकाचा आवाज बंद केला. माझ्या घरात मतं मांडायला मी समर्थ आहे. शेलीला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. मी स्वतः तोंडात सॉसेज घालून गप्प बसले, आणि ते मला किती जड गेलं हे ईश्वर जाणतो.

पहिली चढाई अडली. क्लेटन अंदाजाने म्हणाला, "पोरांनी वठवला नाही."

शेली ताडकन वळली. "कोणी वठवला नाही, अंकल क्ले? अकरा यार्ड हवेत आणि तीन यार्डांचा पास! उजव्या कडेला, रेषेला चिकटून! पोराने झेलला, नीट झेलला, आणि पुढे सरकायला जागाच नाही. चुलीत घाला तो डाव!"

"समोरच्याला अडवला असता तर मिळाली असती जागा."

"कोण अडवणार? अडवणारे दोघं डावीकडे धावले! डावच तसा आखलाय! तुम्ही बघताय काय?"

माझ्या घशात सॉसेज अडकलं. क्लेटन मात्र खुर्चीत पुढे सरकून बसला आणि हसला. "बघतोय ना," तो म्हणाला. "तू बोल."

सामना संपेपर्यंत दोघांचे घसे बसले होते. आम्ही हरलो, हे सांगायला नकोच. शेली बशा घेऊन आत गेली तेव्हा क्लेटन हळूच म्हणाला, "ही पोरगी चालेल, लवॉन. डावं-उजवं नीट सांगते. संघांनी बाजू बदलली की तुझं डावं-उजवं उलटं होतं."

मी विचारलं, "तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्याच रविवारपासून. त्याआधी तू कधी इतकं मुद्देसूद भांडली होतीस का?"

सात वर्षं मला वाटत होतं की मी त्याला सांभाळून घेतेय. मी रडले. ओटो, हेही टाइप कर, मला लाज नाही. हा माणूस मला फार प्रिय आहे. मग शेलीला बोलावून सगळं सांगितलं, आणि क्लेटन म्हणाला, "जोनसाठीही लिहून टाक. मला तिला तोंडाने सांगवत नाही."

म्हणून, जोन, हे तुझ्यासाठी. ज्याला चेंडू दिसत नाही त्याला मैदानात कशाला न्यायचं, असं तू म्हणशील. तुझ्या बापाला चढाई कशी चालली हे मागच्या रांगेतल्या डोळसांपेक्षा जास्त कळतं. फक्त त्याचा निष्कर्ष चुकतो. त्याला घरी बसवू नकोस.

कलम ५. वर सांगितलेली जागा माझी नात शेली हिला, तिच्या हयातीपर्यंत. क्लेटन येतो आहे तोवर ती विकू नये, कोणाला देऊ नये, एका रविवारसाठीही नाही.

शेली, आता तुझ्यासाठी चार सूचना. कितवा प्रयत्न आणि किती यार्ड बाकी, हे वाक्याच्या सुरुवातीला ओरड, शिव्या नंतर घाल. त्याच्याशी सहमत होऊ नकोस, आणि तो बरोबर असला तर दुप्पट भांड. अधूनमधून कॉफी हातात दे, पण 'घ्या' म्हण, 'इकडे' म्हणून त्याला कप शोधायला लावू नकोस. आणि सामना संपल्यावर पायऱ्या उतरताना त्याचा हात धरू नकोस, त्याला ते खपत नाही. एक पायरी पुढे राहा आणि भांडण चालू ठेव. तुझ्या आवाजामागून तो बरोबर खाली उतरतो.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण: अल्गोमा, विस्कॉन्सिन
दिनांक: ५ नोव्हेंबर २०१९, मंगळवार

सही: लवॉन डेलव्हो

आमच्या समक्ष सही झाली. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळत नाही:

१. हॅरिएट पेल्नार, वकिलांची पत्नी
२. रसेल त्लाचाक, टपाल द्यायला आलो होतो, कॉफीसाठी थांबलो