एकखिशी शार्क

३ मार्च
पहिल्या मजल्यावरची खिडकीवाली खोली रिकामी झाली. आमच्या संग्रहालयाच्या डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, काहीतरी करून दाखवेल त्याला देऊ. म्हणजे मलाच. तळघरात माशांच्या बरण्या सांभाळून जीव आंबला. बाहेर ऊन की पाऊस, ते येणाऱ्यांच्या चपलांवरून ओळखतो. संकल्प: या महिन्यात वर.

७ मार्च
काही केलं नाही. तयारी चालू आहे.

८ मार्च, दुपार
सापडला! मागच्या रांगेतली बरणी. वीतभर शार्क, खोल समुद्रातला, पराच्या मागे चक्क खिसा! पुस्तकात पाहिलं: पॉकेट शार्क. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुणालाही सांगायचं नाही.

८ मार्च, संध्याकाळ
बायकोला सांगितलं, पुस्तकही दाखवलं. म्हणाली, पुस्तकात दोन्ही बाजूंना खिसे आहेत, तुमच्याला एकच कसा? मेहुणा म्हणाला, भावोजी, दुसरा ताईने रिकामा करून काढूनच टाकला असेल. दोघं खो खो हसले. मी शांतपणे विचार केला. एकच खिसा म्हणजे जातच नवीन! नाव 'एकखिशी'. पुढे माझं आडनाव. फार आग्रह झाला तर.

१२ मार्च
मॅडमना सांगितलं. खुर्चीतून उठल्याच! शार्कतज्ज्ञ बाईंना बोलावलंय. मी वर जाऊन खिडकीचं माप घेतलं. पडदे निळे. आमच्याकडे बरण्यांची लेबलं लिहिणाऱ्याला म्हटलं, तळघर आता तुझं, अंधाराची सवय करून घे.

१८ मार्च
तज्ज्ञ बाई आल्या. भिंगातून बराच वेळ पाहिलं. विचारलं, मासा टिकवायचं फॉर्मालिन आत मुरावं म्हणून त्याला चीर कोण देतं? छाती पुढे काढून सांगितलं, मीच. सगळ्यांना. पराच्या मागे, म्हणजे दिसत नाही. मॅडम छताकडे बघत राहिल्या. शेवटी बाई म्हणाल्या, मासा नेहमीचाच आहे, चीर मात्र सुबक. प्रत्यक्ष तज्ज्ञांकडून कौतुक! खोली पक्की.

१९ मार्च
खोली लेबलं लिहिणाऱ्याला. मॅडम म्हणाल्या, चीर द्यायला असा हात दुसरा नाही, रिटायर होईपर्यंत तुम्हाला खालून हलवणार नाही. बाईंच्या कॉलेजच्या बरण्याही आता माझ्याकडेच. आजच आल्या, दारापर्यंत रचल्यात. दार अर्धंच उघडतं. पोट आत ओढलं तर बाहेर पडता येईल. उद्यापासून एकवेळ जेवण. आज प्रयत्न करून पाहिला. हे आत बसूनच लिहितोय.