आईजवळ ठेवलेला पासवर्ड

तुळजापूर,
दि. ७ जुलै

ती. सौ. वन्संना,
वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून तुम्ही आधी दचकाल, मग हसाल. भावजयीला फोन धरता येत नाही की काय, असंही म्हणाल. धरता येतो, पण खोल्यांच्या बुकिंगसाठी लोकांना दिलेला नंबर माझाच आहे. त्यावरचा प्रत्येक निरोप खाली गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर उमटतो, आणि बोलावं तर घरभर ऐकू जातं. गल्ल्यावर तुमचे भाऊ बसतात, आणि लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

पाच-सहा महिने झाले, यांना फोन पालथा ठेवायची सवय लागलीय. मंगळवारच्या गर्दीत यात्रेकरू किल्लीसाठी ताटकळतात आणि यांची मान खाली. परवा चहा द्यायला मागून गेले, तर पडद्यावर एक छोटं विमान वर वर चाललं होतं नि शेजारी आकडे पळत होते. मला बघून म्हणाले की आरोहीनं कसलासा खेळ टाकून ठेवलाय. आरोहीला विचारलं, तर म्हणाली की बाबा तिला फोनला हातही लावू देत नाहीत. दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय आणि ती पोरगी नाही. मग हे अंघोळीला गेल्यावर मी बँकेचे निरोप वाचले. वाचायला नको होते, पण वाचले. तुमचे भाऊ त्या विमानावर पैसे लावतात, वन्सं. बंदी आली म्हणतात, पण एक साइट बंद झाली की दुसरी नव्या नावानं उघडते.

आरोहीच्या सोलापूरच्या नर्सिंग कॉलेजची फी म्हणून ठेवलेली मुदत ठेव यांच्याच नावावर आहे. ती चोवीस तारखेला सुटते. फी महिनाअखेरीस भरायची. मधल्या दिवसांच्या विचारानं मला अन्न गोड लागत नाही.

तुम्ही शाळेत मुलांसाठी नको त्या साइटी बंद केल्यात म्हणे. तसं घरी करता येईल का? उत्तर घरी पाठवू नका, टपाल गल्ल्यावरच येतं. कोपऱ्यावर हरणाबाईंचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे, तिथं पाठवा. त्यांना मी पाककृती मागवल्यात म्हणून सांगितलंय.

भावाची चहाडी करणाऱ्या भावजयीवरचा लोभ जमेल तितका शाबूत ठेवा.

आपली,
वैदेही

&nbsp;

मुरुम,
दि. ११ जुलै

चि. सौ. वैदेहीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. गेल्या वर्षी आईनं लोणच्याची बरणी लपवली म्हणून तू आठवडाभर तोंड फुगवून बसली होतीस आणि बरणी तुझ्याच माळ्यावर निघाली. त्यामुळं तुझा संशय मी नेहमी अर्धाच धरते. उत्कर्षनं दिवाळीतसुद्धा कधी पत्त्यांना हात लावला नाही. पण बँकेचे निरोप तुझ्या माळ्यावरून आलेले नाहीत, तेव्हा या वेळी पूर्ण धरते.

करता येईल. देवघराशेजारी तुमची जी वायफायची पेटी लुकलुकते, तिच्या आत शिरायचं एक पान असतं. तिथं ठरावीक आकडे भरले की घरातलं सगळं इंटरनेट गाळणीतून येतं आणि जुगाराच्या साइटी उघडत नाहीत. यात्रेकरूंना काही त्रास नाही. मात्र हे कुलूप घरापुरतंच. तो बाहेर रस्त्यावर गेला तर स्वतःच्या मोबाइलवर खेळू शकेल. पण तुमच्या दगडी भिंतींत मोबाइलचं स्वतःचं नेट चालत नाही आणि गल्ला सोडून त्याला हलता येत नाही, म्हणून निम्मं काम तरी होईल. बाकीच्या निम्म्यासाठी त्याला डॉक्टरांकडंच न्यावं लागेल, आणि ते कुलूप लावून होत नाही.

त्या पानाचा पासवर्ड मी स्वतः येऊन बदलणार आहे, आणि तो तुला सांगणार नाही. राग मानू नकोस. तो दोनदा गोड बोलला की तू विरघळतेस, हे तुझ्या लग्नापासून बघतेय. पासवर्ड मला आणि आईला ठाऊक असेल. मी इथं दूर, काही अडलं तर घरात कुणीतरी हवं. पासवर्ड म्हणून असा शब्द ठेवणार आहे की तो आईच्या तोंडून कधीच बाहेर पडणार नाही. पेटीचं बटण दाबून कुणी सगळं मूळ स्थितीत आणलंच, तर वायफायचं नाव बदलेल आणि वरच्या चारही खोल्यांतून ओरडा होईल, म्हणजे तुला कळेलच.

रविवारी येते. मला आंबट वरण कर. पाककृती हरणाबाईंकडून घे.

तुझी आणि त्या गाढवाचीही,
उमादेवी

&nbsp;

तुळजापूर,
दि. २८ जुलै

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं कुलूप दहा दिवस टिकलं. ते दहा दिवस बघण्यासारखे होते. यांनी तीनदा वायरी उपटून परत लावल्या, केबलवाल्याला शिव्या दिल्या, जेवताना धुसफुसले. मी मनातल्या मनात तुमची आरती करत होते.

गेल्या गुरुवारी हे अचानक शीळ घालायला लागले. आरोहीला पेढे आणले, मला गजरा. गजरा मी तसाच ओट्यावर ठेवला. वर जाऊन माझ्या फोनवर ती विमानाची साइट उघडली. उघडली, वन्सं! वायफायचं नाव तेच, यात्रेकरूंचा पासवर्ड तोच, बटण कुणी दाबलेलं नाही. म्हणजे कुणीतरी तुमचा शब्द वापरून आत शिरलंय. पण मी उशिरा बघितलं. ठेव त्याच दिवशी सुटली होती. शनिवारी फी भरायला बसलो, तर हे पांढरेफटक पडले. पैसे नव्हते. सोलापूरची जागा गेल्यातच जमा आहे. आरोही रडलीसुद्धा नाही, नुसती उठून छतावर गेली, त्याची मला जास्त भीती वाटतेय.

पासवर्ड कुठून मिळाला विचारलं, तर हे भिंतीकडं बघत राहिले. आता मला सांगा, शब्द ठाऊक दोघींनाच. तुम्ही मुरुमला. उरलं कोण? बुधवारी दुपारी हे सासूबाईंच्या पायाशी तासभर बसले होते. संध्याकाळी त्यांनी यांना न मागता दोनदा वाढलं. मी सगळं बघत होते, पण तेव्हा जोडलं नाही.

सासूबाईंना सरळ विचारलं. त्यांनी देवळाच्या कळसाकडं हात केला आणि देवीआईची आण घेतली की आपण तो शब्द उच्चारलेला नाही. मी त्यांना म्हणाले की लेकासाठी तुम्ही नातीचं नुकसान केलंत, वर देवीलाही मध्ये घेतलंत. फार बोलले. पण खोटं बोलले असं अजूनही वाटत नाही. त्यांनी पिशवी भरलीय. हे तेव्हाही भिंतीकडंच बघत होते.

तुमची आई आहे, तुम्हाला हे वाचवणार नाही, ठाऊक आहे. तरी माझ्यावरचा लोभ तोडू नका, तोडलात तर या घरात माझं कुणी उरत नाही.

आपली,
वैदेही

&nbsp;

तुळजापूर,
दि. ३० जुलै

चि. उमास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मला न्यायला ये. सूनबाईनं मला चोर ठरवलंय. चार दिवस ती माझ्या हातचा चहा घेत न्हाई. या घरात मी बावन्न वर्षं किल्ल्या सांभाळल्या, एक वाटी इकडची तिकडं झाली न्हाई.

तू ह्यांचं नाव त्या पेटीला दिलंस, पुढं जन्मसाल. मला हसूच आलं होतं. लग्नात आणि बारशाला उखाण्यात घेतलं असंल तेवढंच, एरवी मी ते नाव तोंडातून काढलेलं न्हाई. हे गेल्याला चार वर्षं झाली, तरी न्हाई. तहसिलातनं माणूस आला, तेव्हा बी मी कागदावर बोट ठेवून दाखवलं. तू म्हणालीस की आई, यापेक्षा पक्कं कुलूप दुनियेत न्हाई. खरंच होतं ते.

बुधवारी उत्कर्ष येऊन बसला. लई गोड बोलला, पाय चेपले. मग म्हणाला की पेटी आत शिरायला शब्द मागतेय, ताई येऊन गेल्यापासनंच हे झालंय, तिनं काय शब्द ठेवलाय तेवढा सांग. मी न्हाई म्हणाले. तो म्हणाला की निदान पहिलं अक्षर सांग. मी सांगितलं की बाबा, ते मला तोंडानं सांगता येत न्हाई, तू विचारूच नको. बास, एवढंच बोलले. नाव घेतलं न्हाई, अक्षर घेतलं न्हाई, लिहून दिलं न्हाई. आईची आण खोटी घ्यायला मी काय येडी हाय?

पोरीची जागा गेली त्याचं मला दुःख न्हाई का? ती माझी बी नात हाय. लवकर ये.

तुझी,
आई

&nbsp;

मुरुम,
दि. ३ ऑगस्ट

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद तुला सवडीनं देईन.

आईचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की मूर्ख मीच. आईनं तुला सांगितलं की तो शब्द तिला तोंडानं सांगता येत नाही. आपल्या आईला तोंडानं न सांगता येणारा शब्द जगात एकच आहे आणि तो तुझ्या नावापुढं आणि माझ्या माहेरच्या नावापुढं लागतो. तुला ते ओळखायला किती वेळ लागला? जन्मसाल जुळवायला किती? बाबांचं नाव टाईप करून तू जुगाराचं दार उघडलंस, तेव्हा हात जरा तरी थांबला का, हे मला नको सांगूस, त्यांच्या फोटोला सांग.

तू हरलास, ते दुखणं आहे असं डॉक्टर म्हणतील आणि मी मान्य करीन. पण बायको आईला चोर म्हणत होती आणि तू भिंतीकडं बघत होतास, ते दुखणं नाही, ती तुझी स्वतःची करणी आहे. मंगळवारी आईला न्यायला येते. त्याच्या आत वैदेहीला आणि आरोहीला समोर बसवून सगळं सांग. नाही सांगितलंस, तर मी सांगीन, आणि मी वर्गात बोलते तेवढ्या आवाजात सांगीन.

माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी ताई,
उमादेवी

&nbsp;

तुळजापूर,
दि. १४ ऑगस्ट

ती. सासूबाईंना,
वैदेहीचे पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुम्ही मुरुमला गेल्यापासून स्वयंपाकघरात मला काहीच सापडत नाही. बरण्या तिथंच आहेत, पण सापडत नाहीत.

तुम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी यांनी सगळं सांगितलं. आरोहीसमोर सांगितलं. तुम्ही एक अक्षरही बोलला नव्हतात आणि यांनी नुसतं ताडलं, हे ऐकताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही देवीची आण घेतलीत तरी मी मानली नाही. हे तुमच्या गाडीपाशी येऊन उभे होते, पण तुम्ही वर बघितलं नाहीत आणि माझी तर जवळ यायची छातीच झाली नाही.

यांना घेऊन धाराशिवला सरकारी दवाखान्यात दोनदा जाऊन आले. तिथल्या समुपदेशक बाई सावकाश बोलतात, हे ऐकून घेतात. बँकेचं सगळं आता माझ्याकडं आहे. आरोहीला दुसऱ्या फेरीत धाराशिवचं कॉलेज मिळालं. सोलापूर नाही, पण मिळालं. फी वन्संनी परस्पर भरली. पोरगी बापाशी अजून कामापुरतंच बोलते.

वन्सं म्हणाल्या की पेटीला नवा शब्द ठेवू आणि तो परत तुमच्याचजवळ राहू दे, म्हणजे माझ्या बोलण्याचं थोडं तरी परिमार्जन होईल. मलाही तेच हवंय. तुम्ही परत या. माझ्या जिभेला क्षमा करा आणि मला पहिल्यासारखीच तुमची म्हणा.

तुमची सून,
वैदेही

&nbsp;

मुरुम,
दि. १९ ऑगस्ट

चि. सौ. वैदेहीस,
चंद्रप्रभाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उमानं वाचून दाखवलं. हे मात्र मी तिच्या माघारी लिहितेय आणि तिला दाखवणार न्हाई. तू दाखवलंस तरी चालंल.

क्षमा मागू नकोस. मी उमाला लिहिलं ते सगळं खरं, पण सगळं लिहिलं न्हाई. तोंडानं सांगता येत न्हाई असं मी उत्कर्षला म्हणाले, तेव्हा तो माझा पाय चेपत होता. त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढली. चार वर्षांचा असताना गूळ कुठं ठेवलाय ते कळलं की असाच बघायचा. मला तिथंच कळलं की याला कळलं. मग तो उठून खाली गेला. मी जपमाळ हातात घेऊन बसून राहिले.

ठेव सुटायला एक दिवस होता. तू चुलीपाशीच होतीस. मी हाक मारली असती तर उमानं त्या रात्रीच फोनवर सांगून शब्द बदलला असता. मारली न्हाई. मला वाटलं, लई तगमगलाय, एकदा खेळंल, गेलेलं परत आणंल आणि गप बसंल. संध्याकाळी त्याला दोनदा वाढलं, ते तू बघितलंस. तुझी नजर बरोबर होती.

आण घेतली ती खोटी न्हवती. नाव मी उच्चारलं न्हवतंच. पण कळसाकडं हात करताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी काय झाकतेय. तू जे बोललीस ते मला लागलं, कारण ते खरं होतं. चिडून पिशवी भरली ती तुझ्यावर न्हाई.

आरोहीला हे मी आल्यावर माझ्या तोंडानं सांगीन, तू सांगू नकोस. पौर्णिमेच्या गर्दीआधी येते. लेकाला जेवायला वाढीन, औषधपाणी बघीन, दवाखान्यात सोबत बी जाईन. पण त्या पेटीचा शब्द तुझा तू ठेव. मला सांगू नकोस. मी मागितला, रडले, देवीची आण घातली, तरी मला देऊ नकोस.

जमलं तर माया राहू दे.

तुझी सासू,
चंद्रप्रभा